‘हळूहळू’ या शब्दाशी भांडण

१८२४ साली लंडनात एक बारकीशी पुस्तिका निघाली. तिच्यावर लिहिणाऱ्याचं नाव नव्हतं. मथळा मात्र असा होता, की तो वाचल्यावर आत काय आहे हे विचारायची गरजच पडू नये : ‘इमीजिएट, नॉट ग्रॅज्युअल ॲबॉलिशन’. आपल्या भाषेत सांगायचं तर, गुलामगिरी ताबडतोब बंद करा, क्रमाक्रमानं नको. त्या काळी गुलामगिरीविरुद्ध लिहिणारे-बोलणारे बहुतेक नामवंत पुरुष होते, काहीजण तर पार्लमेंटात बसणारे. आणि त्यांच्यापैकी बहुतेकांचं मत ‘क्रमाक्रमानं’ असंच होतं. त्यांना तोंडावर ‘तुम्ही चुकताय’ असं सांगणारी ही पुस्तिका लेस्टर गावच्या एका विधवा बाईंनी लिहिली होती. एलिझाबेथ हेरिक त्यांचं नाव.

आपल्याकडं बायकांच्या लेखनाची चर्चा निघाली की ओव्या येतात, आत्मचरित्रं येतात, कथा-कविता येतात. पत्रक कुणी साहित्यात धरत नाही. पत्रक म्हणजे दारात कुणीतरी देऊन गेलं, वाचलं तर वाचलं, नाहीतर कपाटाच्या फळीवर अंथरलं. हेरिकबाईंनी अशी वीसहून जास्त पत्रकं आणि पुस्तिका लिहिल्या. कादंबरी लिहिली असती तर कदाचित साहित्याच्या इतिहासात दोन ओळी मिळाल्या असत्या. पण मला वाटतं, ही पुस्तिका आपण साहित्य म्हणूनच वाचावी. म्हणजे तिनं कोणता शब्द पकडला, ती कुणाशी बोलते, तिला काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे सगळं बघावं. चांगल्या हेतूनं लिहिलंय म्हणून डोळे झाकून मान डोलवण्यात लिहिणारीचाही मान नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. इंग्लंडनं १८०७ साली गुलामांचा व्यापार बंद केला. व्यापार बंद झाला म्हणजे आफ्रिकेतून माणसं पकडून जहाजात कोंबून नेणं कायद्यानं थांबलं. पण वेस्ट इंडीजच्या बेटांवर, उसाच्या मळ्यांत जे लाखो गुलाम आधीच होते ते गुलामच राहिले. त्यांची पोरं जन्मतःच मळेवाल्याची मालमत्ता. हे संपवायला १८२३ साली लंडनात एक मोठी संस्था उभी राहिली. विल्बरफोर्स, क्लार्कसन, बक्स्टन अशी मोठी मंडळी तिच्यात. पण संस्थेच्या लांबलचक नावातच दोन शब्द होते : गुलामगिरी ‘सौम्य’ करणं, आणि ‘क्रमाक्रमानं’ नाहीशी करणं. गुलामांना आधी शिकवू, शहाणं करू, धर्माला लावू, मग बघू, असा एकूण सूर.

आता हा सूर आपल्याला ओळखीचा नाही का? ‘हळूहळू होईल सगळं’, ‘एकदम बदल केला तर घडी विस्कटते’, ‘अजून तिची तयारी नाही’ हे बाईमाणसानं किती वेळा ऐकलेलं असतं! सुनेला, मुलीला, कामाला येणाऱ्या बाईला, सगळ्यांनाच. आणि गंमत म्हणजे हे सांगणारा माणूस वाईट नसतो. तो चांगलाच असतो, म्हणून तर त्याच्याशी भांडणं अवघड. उघड वैऱ्याशी भांडायला धीर लागतो. आपल्याच बाजूच्या भल्या माणसाशी भांडायचं तर धीराबरोबर नेमकेपणाही लागतो. हेरिकबाईंकडं तो नेमकेपणा होता, हीच या पुस्तिकेची पहिली ताकद.

या बाई होत्या तरी कोण? जन्म १७६९, लेस्टरमध्येच. माहेर लोकरी कापडाच्या धंद्यातलं, खाऊन-पिऊन सुखी, वाचणारं. आई स्वतः लिहिणारी. वकील असलेल्या जॉन हेरिक यांच्याशी लग्न झालं. ते पुढं सैन्यात अधिकारी झाले आणि लवकरच वारले. मूलबाळ नव्हतं. बाईंनी पुन्हा लग्न केलं नाही. क्वेकर पंथात गेल्या, शाळा चालवली, आणि लिहायला लागल्या. कैद्यांची अवस्था, शाळेतली मारझोड, जनावरांवरची क्रूरता, सगळ्यावर लिहिलं. डर्बीशायरमधल्या बॉन्सल गावात बैलावर कुत्री सोडायचा खेळ चालायचा. बाईंनी तो बैलच विकत घेऊन लपवून ठेवला, अशी हकिगत त्यांच्याबद्दल सांगतात. आपल्या घरांतल्या बायकांना हे ऐकून आपलेपणा वाटेल, यात नवल नाही. पण बैल वाचवून बाई थांबल्या नाहीत. १८२५ साली लेस्टरच्या मोजे विणणाऱ्या कामगारांनी मजुरीसाठी संप केला, तेव्हा त्यांनी कामगारांची बाजू घेऊन मालकांना उद्देशून लिहिलं. मालक म्हणजे त्यांच्याच वर्तुळातली, त्यांच्याच गावची माणसं. दूरच्या गुलामाबद्दल कळवळा आणि दारातल्या मजुराकडं पाठ, असा आरोप त्या काळी या चळवळीतल्या श्रीमंतांवर व्हायचा. हेरिकबाईंवर तो करता येत नाही, एवढं नोंदवून पुढं जाऊ.

पुस्तिकेतला युक्तिवाद चार पायऱ्यांनी चढतो, असं मला दिसतं.

पहिली पायरी ‘हळूहळू’ या शब्दाचीच. बाई म्हणतात, हा शब्द मळेवाल्यांच्या सोयीचा आहे. गुलामगिरी चांगली आहे असं आता कुणी म्हणू शकत नाही, मग तिचं आयुष्य वाढवायचं कसं? तर ‘संपवायचीच आहे, पण सावकाश’ असं म्हणून. विरोध करणारेही या बोलण्यात गुंततात, तपशिलांत अडकतात, वर्षं जातात, आणि मळ्यावर चाबूक चालतच राहतो. गुलामाला स्वातंत्र्याची तयारी लागते म्हणणाऱ्यांना त्यांचा प्रश्न साधा आहे : माणसाला माणूस म्हणून जगायची तयारी गुलामगिरीत ठेवून कशी होणार?

दुसरी पायरी नुकसानभरपाईची. गुलाम सोडले तर मळेवाल्याचं नुकसान होईल, त्याला भरपाई द्या, अशी मोठी ओरड होती. बाईंचं म्हणणं, भरपाईचा हिशेब करायचाच असेल तर पहिला हक्क गुलामाचा. ज्याचे श्रम फुकट घेतले, ज्याच्या पिढ्या खाल्ल्या, त्याचं देणं आधी. पुढं काय झालं ते बघा. १८३३ साली कायदा झाला. मळेवाल्यांना २ कोटी पौंड मिळाले. गुलामांना एक पैसा नाही, उलट ‘उमेदवारी’ नावाखाली १८३८ पर्यंत त्याच मालकांकडं राबणं नशिबी आलं. हा निकाल लागायच्या नऊ वर्षं आधी एका बाईनं वजाबाकी कुठं चुकतेय ते लिहून ठेवलं होतं.

तिसरी पायरी सगळ्यांत धाडसी. १८२३ साली डेमेरारा इथं गुलामांनी उठाव केला आणि तो निर्दयपणे चिरडला गेला. चळवळीतली पुरुष मंडळी यावर जपून बोलत होती. आपल्यामुळं उठाव झाला असा आळ येईल ही भीती. हेरिकबाई जपून बोलत नाहीत. ज्याला असह्य जुलमातून सुटायचा दुसरा मार्गच ठेवलेला नाही, तो उठला तर त्याला गुन्हेगार म्हणता येत नाही, ही भूमिका त्या स्वच्छ मांडतात. अहिंसा मानणाऱ्या क्वेकर बाईनं हे लिहावं, हे मला फार विचार करायला लावणारं वाटतं. हिंसा त्यांना नकोच आहे. पण हिंसा मोजायला कुठून सुरुवात करायची, उठावाच्या दिवसापासून की चाबकाच्या पहिल्या फटक्यापासून, याबद्दल त्यांच्या मनात गोंधळ नाही.

चौथी पायरी स्वयंपाकघरात येते. मळेवाला गुलाम का ठेवतो? कारण साखर विकली जाते. साखर का विकली जाते? कारण आपण ती चहात घालतो. मळेवाला चोर असेल तर आपण चोरीचा माल घेणारे आहोत, आणि माल घेणाराच नसेल तर चोरी किती दिवस चालेल, असा बाईंचा रोख आहे. पार्लमेंटाकडं अर्ज करत बसण्यापेक्षा उद्या सकाळपासून वेस्ट इंडीजची साखर बंद करा. त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

इथं आपल्या वाचकांना एक गोष्ट लगेच आठवेल. कृत, कारित, अनुमोदित असे पापाचे तीन प्रकार आपण लहानपणापासून ऐकत आलोय. स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवून घेणं, आणि कुणी करत असेल त्याला संमती देणं. हेरिकबाईंनी हे शब्द ऐकले असण्याचा संबंध नाही, आणि ‘बघा, हे आमच्याकडं आधीपासूनच आहे’ म्हणून पाठ थोपटून घ्यायलाही मी हे सांगत नाही. सांगते ते एवढ्यासाठी, की हे तीन शब्द आपण बहुतेकदा मुंगी, कांदा आणि रात्रीचं जेवण एवढ्यापुरते वापरतो. एका परक्या बाईनं तोच हिशेब बाजारापर्यंत, जहाजापर्यंत आणि समुद्रापलीकडच्या मळ्यापर्यंत नेला.

साखर सोडायची कल्पना मात्र त्यांची पहिली नव्हे. १७९१ साली विल्यम फॉक्स नावाच्या माणसानं वेस्ट इंडीजची साखर आणि रम सोडण्याबद्दल एक पत्रक काढलं होतं. चार महिन्यांत त्याच्या ७०,००० प्रती गेल्या. त्यात त्यानं गणितच मांडलं होतं : आठवड्याला ५ पौंड साखर लागणाऱ्या घरानं २१ महिने साखर सोडली, तर एका माणसाची गुलामगिरी किंवा हत्या टळते. क्लार्कसन यांच्या अंदाजानं त्या काळात ३,००,००० लोकांनी साखर सोडली होती. फॉक्सचं गणित लोकांना पटलं, कारण ते मोजता येत होतं. पण पुढं फ्रान्समधल्या राज्यक्रांतीची धास्ती बसली आणि लाट ओसरली. तीस-बत्तीस वर्षांनी हेरिकबाईंनी ती पुन्हा उचलली, आणि तिला एक गोष्ट जोडली जी फॉक्सच्या पत्रकाला नव्हती. ती म्हणजे दारोदार फिरणाऱ्या बायका.

हेरिकबाई आणि त्यांच्या मैत्रीण सुझाना वॉट्स लेस्टरमध्ये घरोघर गेल्या. ‘साखर घेऊ नका’ हे सांगायला बाईला सभेच्या मंचावर चढावं लागत नाही, मतदानाचा हक्क लागत नाही. तो तर नव्हताच. मागच्या दारानं जाऊन दुसऱ्या बाईशी बोलता येतं. घरात कुठली साखर येणार हे ठरवणारी बाईच असते. ज्या जागेला पुरुष ‘घर’ म्हणून हिशेबाबाहेर ठेवत होते, त्याच जागेत साम्राज्याच्या व्यापाराचं एक टोक होतं. ते बायकांच्या हातात लागलं.

१८२५ च्या एप्रिलमध्ये लूसी टाउनसेंड यांच्या घरी बायकांची एक संस्था स्थापन झाली. तीच पुढं बर्मिंगहॅमची स्त्रीसंस्था म्हणून नावारूपाला आली. पुढच्या आठ वर्षांत इंग्लंडभर अशा सत्तरच्या वर संस्था निघाल्या. त्यांचं एक काम मला फार आवडतं. या बायका कापडाच्या पिशव्या शिवायच्या. हातात धरायच्या, शिवणटिपणाचं सामान ठेवायच्या असतात तशा. कापड गुलामांच्या श्रमाचं नसेल याची काळजी घ्यायची. आणि आत घालायची पत्रकं आणि वर्तमानपत्रातली कात्रणं. पिशवी विकत घेणारी बाई सुई-दोऱ्यासाठी घेणार आणि घरी जाऊन वाचणार. आपल्याकडं वाण लुटताना डबी, वाटी, चमचा देतात. त्या वाणात वाचायचं काही घातलं असतं तर केवढा पसारा झाला असता, असं माझ्या मनात येऊन गेलं.

पुरुषांना हे रुचलं का? विल्बरफोर्स यांच्यासारख्या आयुष्यभर या कामाला वाहिलेल्या माणसानंही १८२६ साली एका पत्रात नाराजी लिहिली. बायकांनी सभा घ्याव्यात, छापून वाटावं, दारोदार फिरून अर्जांसाठी लोकांना उठवावं, हे धर्मग्रंथातल्या स्त्रीस्वभावाला शोभत नाही, असं त्यांचं मत. त्यांना दुष्ट ठरवायचं कारण नाही. पण गुलामाच्या बेड्या दिसणाऱ्या डोळ्यांना शेजारच्या बाईच्या बेड्या दिसतीलच असं नाही, हे यातून कळतं.

बायकांनी वाद घातला नाही, पैशाची चावी फिरवली. लंडनच्या मुख्य संस्थेला वर्गणी देणाऱ्यांत स्त्रीसंस्था मोठ्या होत्या. १८३० साली बर्मिंगहॅमच्या बायकांनी ठराव केला : तुम्ही नावातला ‘क्रमाक्रमानं’ हा शब्द काढायला तयार असाल, तरच आमचे ५० पौंड मिळतील. त्याच वर्षी मे महिन्यात संस्थेनं तो शब्द सोडला. सहा वर्षांपूर्वी एका निनावी चोपडीनं ज्या शब्दाशी भांडण काढलं होतं, तो शब्द असा गेला. हेरिकबाईंनी हे पाहिलं. कायदा मात्र पाहिला नाही. १८३१ च्या ऑक्टोबरात त्या वारल्या. १८३३ साली बायकांचा एक अर्ज पार्लमेंटात आला, त्यावर १,८७,१५७ सह्या होत्या. सगळ्या बायकांच्या.

इथवर वाचून कुणाला वाटेल, की हा लेख आरती ओवाळायला लिहिलाय. आता दुसरी बाजू.

पहिली अडचण साखरेचीच आहे. वेस्ट इंडीजची साखर सोडायची, मग घ्यायची कुठली? उत्तर होतं, ईस्ट इंडियाची, म्हणजे आपल्या हिंदुस्थानची. ‘ही साखर गुलामांनी बनवलेली नाही’ असं लिहिलेली साखरेची भांडी तेव्हा विकायला होती. ते वाचून आपल्या बेळगाव-कोल्हापूरकडच्या माणसाला हसावं का रडावं कळत नाही. हिंदुस्थानात मळेवाल्याचा चाबूक नव्हता हे खरं. पण मलबारात जमिनीबरोबर विकली जाणारी माणसं होती, कर्जापोटी पिढ्यान् पिढ्या बांधलेली माणसं होती. शेजारी पोर्तुगीजांच्या गोव्यात मोझांबिकहून आणलेली माणसं विकली जात होती. १८३३ च्या कायद्यानं ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख वगळलाच. इथं गुलामीला कायद्याचा आधार नाही असं ठरायला १८४३ साल उजाडलं. हेरिकबाईंच्या नजरेला एक समुद्र ओलांडता आला, दुसरा आला नाही. ‘स्वच्छ’ माल शोधणाऱ्या प्रत्येक चळवळीचा हा धोका आहे : एक वस्तू मळकी ठरवली की तिच्या जागी आलेली आपोआप स्वच्छ वाटायला लागते.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. या संस्थांच्या पत्रकांवर, पिशव्यांवर एक चित्र असायचं : गुडघे टेकून, बेड्या घातलेले हात वर करून विनवणारी काळी बाई. मी बाई नाही का, बहीण नाही का, असं विचारणारी. चित्र मनाला भिडतं. पण ती कायम गुडघ्यावरच का? उभी असलेली का नाही? विनवणारी खाली, दया करणारी वर, ही मांडणी चित्राच्या रेषांतच आहे. हेरिकबाई डेमेरारातल्या उठावाची बाजू घेतात, त्यामुळं त्यांच्यापुरती ही रेष थोडी पुसली जाते. पण त्यांच्या पुस्तिकेतही गुलाम बाई स्वतः बोलत नाही. तिच्याविषयी बोललं जातं.

ती बोलली १८३१ साली. मेरी प्रिन्स तिचं नाव. ‘द हिस्टरी ऑफ मेरी प्रिन्स’ हे काळ्या बाईचं ब्रिटनमध्ये छापलेलं पहिलं जीवनकथन. त्याच वर्षी त्याच्या तीन आवृत्त्या निघाल्या. १७८८ च्या सुमारास बर्म्युडा बेटावर गुलाम आईच्या पोटी मेरीबाई जन्मल्या. लहान वयातच विकल्या गेल्या. एका मालकाकडून दुसऱ्याकडं जात १८२८ साली अँटिग्वाच्या मालकाबरोबर लंडनला आल्या आणि तिथं त्याचं घर सोडून बाहेर पडल्या. आपली कहाणी लिहून काढावी ही कल्पना त्यांचीच होती. सुझाना स्ट्रिकलंड नावाच्या तरुण लेखिकेनं ती ऐकून लिहून घेतली, आणि संस्थेचे चिटणीस थॉमस प्रिंगल यांनी संपादून छापली.

हेरिकबाईंची पुस्तिका आणि हे पुस्तक शेजारी ठेवून वाचा. हेरिकबाई युक्तिवाद करतात, मेरीबाई आठवतात. विक्रीच्या दिवशी आई पोरींना नवे कपडे घालते, आणि तिला वाटतं आपण प्रेतांना कफन घालतोय. बाजारात अनोळखी माणसं त्या पोरीला जनावर चाचपावं तशी चाचपतात. तिला माया लावणारी हेटी नावाची गुलाम बाई गरोदरपणात मारहाण सोसून मरते. आणि मग येतं मीठ. टर्क्स बेटावरच्या मिठागरांत सकाळपासून गुडघाभर खारट पाण्यात उभं राहून मीठ काढायचं, पायांना फोड, फोडात मीठ, हाडापर्यंत. कारवार-गोव्याकडची मिठागरं पाहिलेल्या बाईला हे वेगळं समजावून सांगायला नको.

मला इथंच थबकायला होतं. इंग्लंडातल्या बायकांनी साखर सोडली. मीठ कुणी सोडलं नाही. मीठ चळवळीच्या गणितात आलंच नाही, कारण चळवळीनं ‘गुलामी म्हणजे ऊस’ असं समीकरण बांधलं होतं. मेरीबाईंच्या आयुष्यातला सगळ्यांत भयंकर काळ त्या समीकरणाबाहेर होता. सोसणारी स्वतः बोलली नसती तर तो दिसलाही नसता. पत्रक आणि आत्मकथन यांतला फरक मला या एका गोष्टीत सापडतो. पत्रकाला एक मुद्दा पुढं न्यायचा असतो, म्हणून ते बाकीचं कापतं. आयुष्य मुद्द्याला धरून जगलेलं नसतं.

आणि या पुस्तकाच्या शेवटी एक पत्र जोडलेलं आहे, जे वाचून मन कडू होतं. मेरीबाईंच्या अंगावर खरंच मारहाणीचे वण आहेत का, अशी विचारणा झाली. विचारणाऱ्या बर्मिंगहॅमच्या लूसी टाउनसेंड, त्याच, ज्यांच्या घरी संस्था सुरू झाली. मग प्रिंगलबाई, त्यांची बहीण, सुझाना आणि आणखी एक बाई अशा चौघींनी मेरीबाईंची पाठ बघितली, आणि वण आहेत असं लिहून दिलं. त्या मागं कारण होतं हे मला कळतं. विरोधक ‘खोटं आहे’ म्हणून टपलेले होते, दोन वर्षांनी प्रकरण कोर्टातही गेलं. तरी विचार करा. एका बाईनं एवढं सगळं शब्दांत सांगितलं, पण शब्द पुरले नाहीत. पाठ उघडून दाखवावी लागली. मालकानं चाचपलं ते विकायला, मैत्रिणींनी बघितलं ते विश्वास ठेवायला. हेतूत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण पाठ तीच आहे. कोर्टातल्या साक्षीनंतर, १८३३ नंतर मेरीबाईंचं काय झालं याचा कागदोपत्री माग लागत नाही. अँटिग्वात त्यांचा नवरा होता. परत गेल्या असत्या तर कायदा लागू होईपर्यंत पुन्हा गुलामच.

चळवळीनं बायकांना काय शिकवलं हे बघायचं तर अमेरिकेकडं जावं लागतं. साउथ कॅरोलायनात, गुलाम बाळगणाऱ्या न्यायाधीशाच्या घरी वाढलेल्या अँजेलिना ग्रिमके यांनी १८३६ साली दक्षिणेतल्या ख्रिस्ती बायकांना उद्देशून एक आवाहन छापलं. त्यांच्याच जन्मगावी, चार्ल्सटनमध्ये, त्याच्या प्रती जाळल्या गेल्या. दुसऱ्या साली धर्मगुरूंनी सभांत बोलणाऱ्या बायकांविरुद्ध पत्रक काढलं. तेव्हा त्यांची बहीण सारा यांनी उत्तरादाखल स्त्री-पुरुष समानतेवर पत्रं लिहिली, ती १८३८ साली पुस्तकरूपानं आली. १८४० साली लंडनच्या जागतिक गुलामगिरीविरोधी परिषदेत अमेरिकेहून आलेल्या स्त्री-प्रतिनिधींना बाजूला, प्रेक्षकांत बसवलं. तिथं ल्युक्रिशिया मॉट आणि एलिझाबेथ कॅडी स्टँटन भेटल्या, आणि १८४८ ची सेनेका फॉल्सची स्त्रीहक्क परिषद त्या दोघींनी इतर मैत्रिणींबरोबर भरवली. दुसऱ्याची बेडी तोडताना आपल्या मनगटाचा आवाज ऐकू आला, तो असा.

आपल्या मराठीला हा इतिहास परका नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिलं आणि ते अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केलं. आपण त्या अर्पणपत्रिकेतले पुरुष डोळ्यांपुढं आणतो. त्यांत ग्रिमके भगिनी आणि पिशव्या शिवून पैसे उभे करणाऱ्या बायकाही होत्या, हे ध्यानात ठेवून ती अर्पणपत्रिका पुन्हा वाचायला हवी.

आणि साखर? ती तर आपल्या दारातच आहे. हंगाम सुरू झाला की आपल्या भागातल्या कारखान्यांवर बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडेपर्यंत सुटका नाही. पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर पैसे कापले जातात, म्हणून गर्भाशयच काढून टाकलेल्या बायकांच्या बातम्या २०१९ साली सगळ्यांनी वाचल्या. ही वेस्ट इंडीजची गुलामगिरी नव्हे. दोन्हींना एकच नाव देणं मेरीबाईंवरही अन्याय आणि या बायकांवरही. साखर सोडा असंही मी म्हणत नाही, कारण साखर सोडल्यानं या बायकांची मजुरी वाढत नाही. पण ‘सुधारेल हळूहळू’ हे वाक्य या बाबतीत आपल्या तोंडी किती सहज येतं, ते एकदा तपासून बघायला काय हरकत आहे?

हेरिकबाईंची पुस्तिका मला म्हणून मोठी वाटते. तिच्यात सुंदर वाक्यं शोधायला गेलात तर फार सापडणार नाहीत. उपदेश जास्त आहे, धर्माचा आधार वारंवार आहे, आणि ज्या बाईसाठी लिहिलंय तिचा आवाज नाही. पण सज्जनांनी एकमतानं वापरलेला एक शब्द उचलून, उलटा करून, त्याच्या तळाशी काय साचलंय ते तिनं दाखवलं. समीक्षेचं काम याहून वेगळं काय असतं? तिच्या शेजारी मेरीबाईंचं पुस्तक मात्र हवंच. एकीनं आपल्या घरातली साखर मोजली. दुसरीनं कुणी न मोजलेलं मीठ सांगितलं. या दोघी कुणाच्याही फळीवर असाव्यात त्या जोडीनंच असाव्यात.